स्टॅमिनावाला माणूस : मेजर नंदू जयाल

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

परीक्षा संपली की हिमालयात ट्रेकला जायचं, असं आमच्या विंगमधल्या सात जणांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर ठरवलं. तेव्हापासून हॉस्टेलमध्ये एक चमत्कार घडला आहे. जी मंडळी पहिल्या लेक्चरला कधी दिसत नव्हती, ती पहाटे साडेपाचला बूट घालून पद्मतीर्थाकडे धावत सुटतात. मेसमध्ये उकडलेल्या अंड्यांचा हिशोब जुळेना झाला आहे. संध्याकाळी जिन्यात पाहावं तर कुणीतरी सॅकमध्ये जाडजूड टेक्स्टबुकं भरून मजले वर-खाली करत असतो. पुस्तकांचा एवढा उपयोग आमच्या विंगमध्ये याआधी कुणी केला नव्हता.

या सातांपैकी एक जण सगळ्यांच्या पुढे असतो. नाव सांगत नाही, हॉस्टेलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. स्पोर्ट्सच्या वेळी पंधराशे मीटरमध्ये दुसरा नंबर त्याच्या आसपासही नव्हता. त्यामुळे ट्रेकचा लीडर कोण, हा प्रश्न आलाच नाही. त्याचं म्हणणं साधं आहे. ज्याचा स्टॅमिना जास्त, त्याला डोंगरात काही होत नाही. डोकं दुखणं, उलट्या होणं, दम लागणं हे सगळं व्यायाम न करणाऱ्यांचं दुखणं. बाकीच्या सहा जणांनी माना डोलावल्या. दोन वर्षांपूर्वी मीही डोलावली असती.

हे ऐकताना मला एका माणसाची आठवण झाली. मेजर नरेंद्र धर जयाल. जवळचे लोक त्यांना नंदू म्हणत. भारतीय गिर्यारोहणाचा इतिहास ज्यांनी थोडाफार वाचला आहे त्यांना हे नाव माहीत असतंच. आपल्याकडे वाशिमला मात्र डोंगर म्हटलं की चिखलदऱ्याच्या पुढे गाडी फारशी जात नाही, म्हणून त्यांची गोष्ट इथे सांगतो. शिवाय ते आपल्याच लाइनचे होते. इंजिनिअर रेजिमेंटचे अधिकारी.

शाळा आणि डोंगर

जयाल गढवाली घराण्यातले. जन्म १९२७ चा. शिक्षण डेहराडूनच्या दून स्कूलमध्ये झालं. ही शाळा १९३५ साली सुरू झाली आणि तिथे काही इंग्रज शिक्षक असे आले की ज्यांना फळ्यापेक्षा डोंगर जास्त प्रिय होता. जॉन मार्टिन, जॅक गिब्सन आणि आर. एल. होल्ड्सवर्थ ही त्यातली मोठी नावं. होल्ड्सवर्थ तर १९३१ साली कामेट शिखरावर पोचलेल्या पहिल्या तुकडीतले. कामेट म्हणजे ७,७५६ मीटर. माणसाने तोवर चढून जिंकलेलं ते सर्वांत उंच शिखर होतं. असा माणूस वर्गात शिकवायला असेल तर मुलं सुट्टीत घरी कशाला जातील? शिक्षक मुलांना घेऊन हिमालयात जात. भारतीय मुलांनी हौसेने, आनंदासाठी डोंगर चढायचा ही कल्पनाच त्या काळात नवी होती. तोवर डोंगरात साहेब चढणार आणि आपली माणसं त्यांचं सामान वाहणार, असाच प्रकार होता.

१९४६ साली गिब्सन आणि होल्ड्सवर्थ गढवालमधल्या बंदरपूँछ शिखराच्या मोहिमेवर गेले, तेव्हा एकोणीस वर्षांचे जयाल त्यांच्याबरोबर होते. त्याच मोहिमेत एक शेर्पाही होता, त्याचं नाव तेनझिंग. पुढे सात वर्षांनी हे नाव सगळ्या जगाला पाठ होणार होतं. त्या वर्षी बंदरपूँछ काही साधलं नाही, सगळे परत आले. पण एकोणिसाव्या वर्षी एव्हरेस्टवीराबरोबर दोर बांधून चालायला मिळणं, तेही तो एव्हरेस्टवीर होण्याआधी, असं भाग्य किती जणांचं असतं?

सॅपर अधिकारी

जयाल सैन्यात गेले ते बंगाल सॅपर्समध्ये. सॅपर्स म्हणजे सैन्याचे इंजिनिअर. पूल बांधणं, रस्ते काढणं, सुरुंग पेरणं आणि काढणं, नदी ओलांडायची सोय करणं ही त्यांची कामं. बंगाल सॅपर्सचं ठाणं रुरकीला. म्हणजे ज्या गावात देशातलं सर्वांत जुनं इंजिनिअरिंग कॉलेज आहे त्याच गावात. मेजर जनरल हॅरॉल्ड विल्यम्स हे त्या वेळचे बडे इंजिनिअर अधिकारी स्वतः डोंगरवेडे होते. त्यामुळे सॅपर्समध्ये गिर्यारोहणाला चांगले दिवस आले आणि जयाल यांच्यासारख्या तरुणाला मोकळं रान मिळालं.

सॅपर्सनी कामेटकडे नजर लावली होती. पहिल्या दमात शिखर मिळालं नाही. १९५५ साली जयाल यांच्याच नेतृत्वाखाली सॅपर्सची मोहीम पुन्हा गेली आणि या वेळी त्यांनी कामेट आणि त्याच्या शेजारचं ७,३५५ मीटरचं अबी गामिन, दोन्ही शिखरं गाठली. १९३१ मध्ये ज्या शिखरावर शाळेतले मास्तर उभे राहिले होते, तिथे चोवीस वर्षांनी त्यांच्या शाळेचा विद्यार्थी उभा राहिला. गुरूला यापेक्षा मोठी गुरुदक्षिणा काय असते?

लक्षात घ्या, त्या वेळी जयाल यांचं वय २८ होतं. आपल्यातले कितीतरी जण २८ व्या वर्षी पहिल्या नोकरीत बॉसच्या नावाने बोटं मोडत असतील.

दार्जिलिंगची शाळा

२९ मे १९५३ रोजी तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले. देशभर आनंदीआनंद झाला. पंडित नेहरू आणि पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी ठरवलं की या यशाचं नुसतं मिरवणुकीत रूपांतर करायचं नाही, त्यातून एक संस्था उभी करायची. ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेनझिंग तिथले प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे प्रमुख झाले आणि संस्थेचे पहिले प्राचार्य झाले मेजर जयाल. वय अवघं २७. त्याआधी तेनझिंग, निवडक शेर्पा आणि जयाल स्वित्झर्लंडला जाऊन तिथल्या पद्धतीचं प्रशिक्षण घेऊन आले होते.

आज महाराष्ट्रातली कितीतरी मुलं-मुली दार्जिलिंगला जाऊन २८ दिवसांचा बेसिक कोर्स करून येतात. छातीवर बिल्ला लावून परत आल्यावर वर्षभर तेच सांगत असतात. त्या बिल्ल्यामागचा पहिला प्राचार्य म्हणजे हा माणूस. कोर्स कसा असावा, मुलांना बर्फावर चालायला कसं शिकवावं, दोर कसा बांधावा, हे सगळं आपल्या देशात पहिल्यांदा बसवायचं होतं. तयार सिलॅबस नव्हता. तो तेनझिंग आणि जयाल यांच्या काळात तयार झाला.

प्राचार्य झाले म्हणून ते खुर्चीत बसले नाहीत. १९५६ साली काराकोरममधल्या सासेर कांगरीकडे मोहीम नेली. १९५७ साली नंदादेवीवर गेले. नंदादेवी ७,८१६ मीटर, गढवालची तर ती देवताच. ते शिखर मिळालं नाही. पण ज्या माणसाचं अर्धं आयुष्य पाच-सहा हजार मीटरच्या वर गेलं, ज्याने कामेट चढलं, त्याच्या फिटनेसबद्दल शंका घ्यायची कुणाची हिंमत होती? बर्फावरचं स्कीइंगही त्यांना चांगलं येत होतं. आमच्या विंगच्या भाषेत सांगायचं तर स्टॅमिनाचा बादशहा.

चो ओयू, १९५८

१९५८ साली भारतीयांची पहिली मोहीम आठ हजार मीटरवरच्या शिखराकडे निघाली. शिखराचं नाव चो ओयू. नेपाळ आणि तिबेटच्या सीमेवर, ८,१८८ मीटर, जगातलं सहावं उंच शिखर. मोहिमेचे नेते होते मुंबईचे केकी बुनशा, पेशाने वकील. बरोबर सोनम ग्यात्सो, पासांग दावा लामा यांच्यासारखी कसलेली माणसं होती. आणि जयाल होते.

जयाल मात्र इतरांच्या मागून निघाले. मोहीम पुढे गेलेली. तिला गाठायचं म्हणून त्यांनी मोठमोठ्या मजला मारल्या. इतर लोक टप्प्याटप्प्याने, मुक्काम करत जी उंची चढले होते, ती जयाल यांनी घाईने चढली. पायांत ताकद होती, छातीत दम होता, सवय होती. त्यांनी सगळ्यांना गाठलंही. पण वर पोचल्यावर शरीराने साथ सोडली. फुप्फुसात पाणी भरलं. २८ एप्रिल १९५८ रोजी चो ओयूवर त्यांचा मृत्यू झाला. वय तीस. चो ओयू या शिखरावर नोंदला गेलेला तो पहिला मृत्यू.

कडा कोसळला नाही, दोर तुटला नाही, हिमप्रपात आला नाही. देशातल्या पहिल्या गिर्यारोहण संस्थेचा प्राचार्य चालून आला, आजारी पडला आणि गेला.

मोहीम थांबली नाही. १५ मे १९५८ रोजी सोनम ग्यात्सो आणि पासांग दावा लामा शिखरावर पोचले. आठ हजार मीटरवरच्या शिखरावर भारतीय मोहिमेचं ते पहिलं यश. त्या यशात आनंद किती असेल आणि दुःख किती, याची आपण कल्पनाच करावी.

त्याच डोंगरावर धावलेला दुसरा माणूस

आता इथे आमचा लीडर लगेच एक मुद्दा काढेल. त्याने काढण्याआधी मीच सांगतो, कारण मलाही तो प्रश्न पडला होता.

हेच पासांग दावा लामा १९५४ साली ऑस्ट्रियाच्या हर्बर्ट टिची यांच्या छोट्या मोहिमेत चो ओयूवर होते. मोहीम वरच्या कॅम्पवर असताना पासांग खाली नामचे बाजारकडे रसद आणायला गेले. परतताना कळलं की एक स्विस मोहीमही त्याच शिखरावर येऊन ठेपली आहे. झालं! आपलं शिखर दुसरे घेऊन जाणार या विचाराने पासांग पाठीवर सामान घेऊन जे सुटले ते खिंड ओलांडून थेट वरच्या कॅम्पवर पोचले. थोडक्या वेळात त्यांनी जी उंची चढली ती ऐकून आजही लोक तोंडात बोट घालतात. आणि १९ ऑक्टोबर १९५४ रोजी टिची आणि योक्लर यांच्याबरोबर ते शिखरावर उभे होते. चो ओयूची ती पहिली चढाई.

म्हणजे त्याच डोंगरावर एक माणूस धावत गेला आणि शिखरावर पोचला. चार वर्षांनी दुसरा घाईने गेला आणि परत आला नाही. मग फरक कुठे पडला? ताकदीत?

ताकदीत नाही. पासांग कित्येक दिवस त्याच डोंगरावर राहून, उंचीची सवय करून मग खाली उतरले होते. त्यांचं शरीर आधीच तयार होतं, शिवाय ते शेर्पा, पिढ्यान्‌पिढ्या उंचीवर राहिलेल्या लोकांपैकी. त्या लोकांच्या रक्तातच विरळ हवेला तोंड देण्याची सोय असते, हे आता जनुकांच्या अभ्यासातून दिसून आलं आहे. जयाल यांनी आयुष्यात कितीही शिखरं चढलेली असोत, त्या खेपेला त्यांचं शरीर खालून नव्याने आलं होतं. उंचीची सवय ही डिग्रीसारखी नाही, एकदा मिळाली की जन्मभर भिंतीवर टांगता येत नाही. ती मेसच्या कूपनसारखी आहे. खाली उतरून काही आठवडे राहिलात की संपली. पुढच्या वेळी नवीन काढायची.

थोडं थर्मोडायनॅमिक्स

आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, म्हणून आकडे पाहू. वाशिम समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ९४ टक्के. लेहला, म्हणजे ३,५०० मीटरवर, तो साधारण दोन तृतीयांश. ५,५०० मीटरवर निम्मा. चो ओयूच्या माथ्यावर एक तृतीयांशाहून थोडासाच जास्त. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच असतं. कमी होतो तो दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी होतो.

शरीर यावर उपाय करतं, पण त्याला वेळ लागतो. श्वास जलद व्हायला लागतो तो काही तासांत. त्यामुळे रक्तातलं आम्ल-अल्क प्रमाण बिघडतं, ते मूत्रपिंडं दुरुस्त करतात. त्याला काही दिवस लागतात. लाल पेशी वाढायला आठवडे लागतात. या वेळापत्रकात धावण्याचा सराव, जोर-बैठका, सिक्स पॅक यांचा काहीही संबंध येत नाही. मूत्रपिंडाला तुमचा पंधराशे मीटरचा टायमिंग माहीत नसतो.

फुप्फुसात पाणी का भरतं? ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. सगळीकडे सारख्या नाही, काही भागात जास्त, काही भागात कमी. मग रक्ताचा लोंढा उघड्या राहिलेल्या वाहिन्यांत जोराने शिरतो. पाईपलाईनमधले निम्मे व्हॉल्व्ह बंद करून पंप तसाच चालू ठेवला तर काय होईल? उरलेल्या लाईनवर दाब वाढेल आणि सांध्यांतून गळती सुरू होईल. तसंच हे. आणि वरून मेहनत केली, ओझं घेऊन पळालं, की पंपाचा दाब आणखी वाढतो. म्हणजे ज्याच्यात पळायची ताकद आहे त्याला धोका कमी होत नाहीच, उलट तो आपल्या ताकदीच्या भरवशावर स्वतःला लवकर धोक्यात नेतो. अशक्त माणूस दम लागून आपोआप थांबतो. फिट माणसाला थांबायला अक्कल लागते.

हळू चढावं हे एव्हरेस्टवाल्यांना १९२० च्या दशकापासून माहीत होतं. पण फुप्फुसात पाणी भरण्याचा हा वेगळा आजार आहे, हे १९५८ साली फारच थोड्या डॉक्टरांना ठाऊक होतं. डोंगरात असा तरुण गेला की न्यूमोनिया म्हणून नोंद व्हायची. अमेरिकेतले डॉक्टर आणि गिर्यारोहक चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये या आजारावर लेख लिहिला तेव्हा जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं. म्हणजे जयाल यांच्यानंतर दोनच वर्षांनी.

आपल्या देशाला मात्र हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १९६२ च्या चीन युद्धात मैदानी भागातले जवान घाईघाईने उंचावर नेले गेले. धडधाकट, कवायत केलेली, विशी-पंचविशीतली पोरं. शत्रूची गोळी न लागता त्यातली अनेक आजारी पडली. सैन्यातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीच्या आजाराच्या १,९२५ जवानांचा अभ्यास करून तो १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. जगभरातले डॉक्टर आजही त्याचा दाखला देतात. आज भारतीय सैन्यात नियम ठरलेला आहे. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १२ ते १५ हजारांवर चार दिवस, त्याच्या वर आणखी चार दिवस सवय करायची, मगच काम. जवान कितीही तगडा असो, त्याला सवलत नाही. सैन्याला फिटनेस कमी कळतो असं कुणी म्हणणार नाही ना?

माझी कबुली

आता एक गोष्ट सांगतो, जी मी घरीही सांगितलेली नाही. गेल्या वर्षी मी चुलत भावाबरोबर हिमालयात एका ट्रेकला गेलो होतो. तयारी जोरात केली होती. ३,४०० मीटरच्या आसपास कॅम्प होता. रात्री डोकं असं दुखायला लागलं की वाटलं कुणी हातोडी मारतंय. दोन वेळा तंबूबाहेर जाऊन उलटी केली. सकाळी गाईडने सगळ्यांना विचारलं तेव्हा मी हसून सांगितलं की एकदम ठीक आहे. का? कारण आदल्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढे पोचलो होतो आणि मागून येणाऱ्यांची थट्टा केली होती. आता कोणत्या तोंडाने सांगणार? त्या दिवशी मी आणखी चारशे मीटर चढलो. वारा वाढला म्हणून गाईडने सगळ्या तुकडीलाच खाली आणलं आणि संध्याकाळपर्यंत मी बरा झालो. मला वाऱ्याने वाचवलं, अकलेने नाही.

परत आल्यावर वाचायला लागलो आणि नंदू जयाल भेटले. मग कळलं की आपण काय करून आलो होतो.

आपल्या सात जणांसाठी

म्हणून मित्रांनो, धावणं बंद करू नका. पद्मतीर्थाची फेरी चालू ठेवा, जिना चालू ठेवा. फिटनेसमुळे पाय दुखणार नाहीत, ओझं जाणवणार नाही, थकवा लवकर जाईल, घसरून पडायची शक्यता कमी होईल. हे सगळं खरं आहे. फक्त उंचीच्या आजारापासून तो वाचवत नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि कळसूबाई चार वेळा केलं म्हणून सवय झाली असंही समजू नका. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटर. उंचीचा आजार साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे आपल्या राज्यात त्याचा सराव करायला जागाच नाही.

मग करायचं काय? तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपायच्या जागेची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम. पहिल्या दिवशी पोचल्यावर उड्या मारायच्या नाहीत. डोकं दुखतंय आणि बरोबर मळमळ, चक्कर, थकवा यातलं काही आहे, तर तो उंचीचा आजारच समजायचा आणि बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही. बसल्या जागी दम लागला, खोकला थांबेना, थुंकी फेसाळ किंवा गुलाबी दिसली, तर फुप्फुसात पाणी. चालताना झोक जायला लागला, सरळ रेषेत पाऊल पडेना, बोलणं असंबद्ध झालं, तर मेंदूला सूज. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असो, पाऊस असो, माणसाला खाली न्यायचं. ऑक्सिजन असेल तर द्यायचा, डॉक्टर गाठायचा. गोळ्या असतात, पण त्या निघण्याआधी डॉक्टरला विचारून, आपल्या ॲलर्जी सांगून घ्यायच्या. सिनिअरने दिल्या म्हणून नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मागे राहिलेल्याने धावत येऊन गाठायचं नाही. कुणाची गाडी अकोल्याला चुकली, कुणाचा बॅकलॉगचा पेपर मध्ये आला आणि तो दोन दिवस उशिरा पोचला, तर पुढच्या सहा जणांनी थांबायचं. थांबता येत नसेल तर उशिरा आलेल्याने बेस कॅम्पवर बसून चहा प्यायचा आणि आमची वाट पाहायची. यात कमीपणा काही नाही. जयाल यांच्यासारखा माणूस घाईने चुकू शकतो, तर आपण कोण?

जयाल यांच्यानंतर ब्रिगेडिअर ग्यानसिंग दार्जिलिंगच्या संस्थेचे प्राचार्य झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९६० मध्ये भारताची पहिली एव्हरेस्ट मोहीम गेली आणि शिखराच्या अगदी जवळ जाऊन वादळामुळे परत फिरली. १९६५ मध्ये कॅप्टन कोहली यांच्या मोहिमेतले नऊ जण एव्हरेस्टवर पोचले. त्यात चो ओयूवर जयाल यांच्याबरोबर असलेले सोनम ग्यात्सो होते. जयाल जगले असते तर तेव्हा ३७ वर्षांचे असते. ज्या संस्थेचा पाया त्यांनी घातला, जे रोप त्यांनी लावलं, त्याचं फळ त्यांना पाहायला मिळालं नाही. कारण फार छोटं होतं, थोडे दिवस हळू चालायला हवं होतं.

आमच्या लीडरला मी ही गोष्ट मेसमध्ये सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर ताट उचलताना त्याने एवढंच विचारलं की लीडरने पुढे चालायचं की मागे. मी सांगितलं, सगळ्यांत मागे. जो सर्वांत हळू चालतो त्याच्या मागे.

दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या फेरीत तो शेवटी धावतो आहे. ट्रेकहून परत आलो की पुढच्या अंकात वर्णन लिहू. सातही जण मिळून.